शाळू पोटरीत कधी येईल? रब्बी ज्वारीच्या अवस्थांचा अंदाज बांधण्याची रीत

सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. विहिरीला किंवा बोअरला थोडे पाणी असले, किंवा उजनीच्या कालव्याचे एखादे आवर्तन वाट्याला आले, तर एखाद-दुसरे संरक्षित पाणी देता येते, आणि ते नेमके कोणत्या आठवड्यात द्यावे यावर कणसाचे वजन बरेचसे ठरते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत या पाण्यासाठी चार अवस्था सांगितल्या जातात. त्या म्हणजे पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी येणारी गर्भावस्था (खोडाच्या आत कणीस घडू लागण्याची वेळ), ५० ते ५५ दिवसांनी पोटरी (कणीस शेवटच्या पानाच्या आवरणात असण्याची वेळ), ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरण्याचा काळ. हे दिवस चुकीचे नाहीत, परंतु ते वेळेवर पेरलेल्या आणि सर्वसाधारण थंडी मिळालेल्या पिकाचे आहेत. पेरणी पंधरा दिवस लांबली, किंवा नोव्हेंबर ढगाळ जाऊन रात्री उबदार राहिल्या, की पीक या दिवसांना बांधून राहत नाही. पाण्याची पाळी मात्र आठ-दहा दिवस आधी ठरवावी लागते. म्हणून अवस्था डोळ्यांना दिसण्यापूर्वी तिची तारीख काढता यावी, एवढ्यासाठी पुढील रीत आहे. तिला एक वही, एक तापमापक आणि आठवड्यातून अर्धा तास लागतो.

रीतीचा पाया साधा आहे. पिकाची पाने फुटण्याचा आणि कणीस घडण्याचा वेग दिवसांच्या संख्येपेक्षा त्या दिवसांत मिळालेल्या उबेवर अवलंबून असतो. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ साली रोजच्या तापमानांची बेरीज करून पिकाच्या पक्वतेशी तिची सांगड घातली, आणि आज वापरले जाणारे सर्व हिशोब त्याच कल्पनेची सुधारलेली रूपे आहेत. ज्वारीची वाढ १० अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास थांबते, म्हणून हे तिचे पायाभूत तापमान धरले जाते. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मे करावे आणि त्यातून १० वजा करावेत; जे उरेल ती त्या दिवसाची कमाई. तिला अंश-दिवस म्हणतात. कमाल ३२ आणि किमान २० असेल तर सरासरी २६ आणि कमाई १६. डिसेंबरात कमाल २९ आणि किमान १३ असेल तर सरासरी २१ आणि कमाई ११. म्हणजे ऑक्टोबरातील दोन दिवसांत पीक जेवढे पुढे सरकते, तेवढे सरकायला डिसेंबरात जवळपास तीन दिवस लागतात. एखाद्या रात्री पारा १० च्या खाली गेला तर किमान तापमान १० च धरावे. दुपारी तो ३८ च्या वर गेला तर कमाल ३८ धरावे, पण वेळेवर पेरलेल्या शाळूच्या बाबतीत हा प्रसंग सहसा येत नाही.

तापमान कोठून घ्यावे हा पहिला व्यावहारिक प्रश्न आहे. सोलापूर शहरातील वेधशाळेचे आकडे वर्तमानपत्रांत रोज येतात, परंतु शहराची रात्र शिवारातील रात्रीपेक्षा उबदार असते, आणि करमाळा किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला ते आकडे दूरचेच पडतात. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. जवळच्या केंद्राचे आकडे मिळाल्यास ते अधिक उपयोगी ठरतात. तेही नसेल तर कमाल-किमान दोन्ही दाखवणारा तापमापक विकत घ्यावा आणि तो जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वारा खेळता राहील अशा सावलीत टांगावा. या बाबतीत मी स्वतः एक हंगाम वाया घालवलेला आहे. तापमापक मी गोठ्याच्या पत्र्याखाली टांगला होता. दुपारी पत्रा तापे, कमाल तापमान खऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त दिसे आणि बेरीज पिकाच्या पुढे धावे. वहीप्रमाणे फुलोरा आला तेव्हा शेतात पीक अजून पोटरीतच होते. चूक दररोज दीड-दोन अंशांचीच होती, पण दोन महिन्यांत तिने आठवड्याहून अधिक अंतर पाडले.

हिशोबाची सुरुवात पेरणीपासून न करता उगवणीपासून करावी, असे माझे मत आहे. वापसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, चांगला असेल तर बी चार-पाच दिवसांत वर येते, पण वरचा थर सुकला असेल तर तेच बी आठ-दहा दिवस पडून राहते. त्या दिवसांची ऊब बेरजेत धरली की पुढचे सर्व अंदाज तेवढ्याने चुकतात. निम्मी रोपे जमिनीवर दिसली ती तारीख वहीत पहिल्या ओळीवर लिहावी.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुढील आकडे सोलापूरच्या हवामानाशी मिळतेजुळते, परंतु हिशोबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ऑक्टोबरात सरासरी कमाल ३२.५ आणि किमान २०.५, म्हणून रोजची कमाई १६.५, नोव्हेंबरात ३०.५ आणि १७, म्हणून १३.७५; डिसेंबरात २९.५ आणि १४.५, म्हणून १२, जानेवारीत ३०.५ आणि १५.५, म्हणून १३. हस्त नक्षत्र लागताना, २७ सप्टेंबरच्या सुमारास पेरलेली ज्वारी १ ऑक्टोबरला उगवली आणि ७ डिसेंबरला फुलोऱ्यात आली असे समजू. ऑक्टोबरच्या ३१ दिवसांचे ५११.५, नोव्हेंबरच्या ३० दिवसांचे ४१२.५ आणि डिसेंबरच्या ७ दिवसांचे ८४ मिळून १,००८ अंश-दिवस होतात, आणि उगवणीपासून ६८ दिवस. हीच ज्वारी दुसऱ्या शेतात २० ऑक्टोबरला उगवली असेल तर ऑक्टोबरचे १२ दिवस १९८ देतात, नोव्हेंबर ४१२.५ आणि पूर्ण डिसेंबर ३७२ देतो. एकूण ९८२.५ झाले, उरलेले २५.५ जानेवारीच्या दोन दिवसांत भरून निघतात. म्हणजे फुलोरा २ जानेवारीला, उगवणीपासून ७५ व्या दिवशी. उगवण १९ दिवसांनी लांबली, पण फुलोरा २६ दिवसांनी लांबला. नुसते दिवस मोजणाऱ्याने दुसऱ्या शेताचे पाणी आठवडाभर आधी देऊन टाकले असते.

शिफारशीतील दिवस याच उदाहरणात घालून पाहिले की एक सोपे प्रमाण हाती येते. फुलोऱ्यापर्यंतची बेरीज एक पूर्ण भाग मानली, तर निम्म्याच्या थोडे अलीकडे गर्भावस्था, पाऊण भागावर पोटरी, सव्वापटीवर दाणे भरण्याचा जोर आणि दीडपटीच्या पुढेमागे दाण्याची पक्वता येते. पाऊण, सव्वा आणि दीड हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पहिल्या वर्षापुरते काम भागते. वर आलेला १,००८ हा आकडा मात्र कोणीही आपल्या वहीत जसाच्या तसा उतरवू नये. तो माझ्या उदाहरणाचा आकडा आहे. आपल्या शेताचा आकडा आपल्या पहिल्या हंगामाच्या नोंदीतून काढावा आणि दुसऱ्या हंगामापासून वापरावा. वाण बदलला की आकडाही बदलतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण घेणाऱ्याने तोच आकडा हलक्या जमिनीसाठीच्या, लवकर येणाऱ्या फुले अनुराधाला लावला तर अंदाज हमखास उशिराचा येईल.

मालदांडीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. हा वाण दिवसमानाला संवेदनशील आहे. दिवस मोठा असेल तोवर तो कणीस धरण्याची घाई करीत नाही. पाऊस लवकर संपेल या भीतीने ऑगस्टअखेर पेरलेल्या मालदांडीला सुरुवातीचे दिवस मोठे मिळतात, आणि तिची फुलोऱ्यापर्यंतची बेरीज हस्तात पेरलेल्या पिकापेक्षा जास्त येऊ शकते. म्हणून उत्तरा, हस्त आणि चित्रा या तीन नक्षत्रांतील पेरण्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. नक्षत्रांवरून पेरणी मोजण्याची आपली जुनी पद्धत येथे चांगली उपयोगी पडते, कारण पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात आणि दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. सणांचे तसे नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, अक्कलकोटकडे शिवारात जेवणे होतात तेव्हा ज्वारी अमुक अवस्थेत असते, असे जुनी माणसे सांगतात, पण अमावास्या चंद्रावर चालत असल्यामुळे ती वर्षावर्षाला पुढेमागे सरकते. संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा मात्र जानेवारीच्या मध्याला पक्की असते. पिकाची खूण ठेवायची झाल्यास ती यात्रेशी ठेवावी.

उबेची बेरीज हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग पिकाकडूनच विचारून घ्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात तोच अधिक विश्वासाचा आहे. शेतात तीन ठिकाणी, बांधापासून आठ-दहा ओळी आत, प्रत्येकी पाच ताटे निवडून त्यांना रंगीत दोरी बांधावी. बांधाकडेच्या ताटांना जास्त ओल आणि जास्त ऊन मिळते, त्यांच्यावरून शेताचा अंदाज करू नये. दर आठवड्याला ठरलेल्या वारी या ताटांची पाने मोजावीत, फक्त मुख्य ताटाची, फुटव्यांची नव्हे. ज्या पानाचे पाते आणि खोडाला कवटाळणारे आवरण यांच्या सांध्यावरील फिकट पट्टा बाहेर दिसू लागला, तेच पान पूर्ण झालेले मानावे. पोंग्यातून डोकावणारी कोवळी टोके मोजू नयेत. पहिले पान टोकाला गोलसर असते, त्यावरून ते ओळखता येते. खालची पाने महिनाभरात वाळून गळतात आणि मग मोजणीत गोंधळ होतो, म्हणून पाचव्या पानाच्या टोकाला ऑइलपेंटचा ठिपका द्यावा आणि पुढे दहाव्यालाही द्यावा. ठिपका न देता मोजणी करणाऱ्याची नोंद दुसऱ्या महिन्यात हमखास दोन पानांनी चुकते.

या मोजणीतून एका पानाला किती ऊब लागते ते कळते. समजा, १५ ऑक्टोबरला पाच पाने पूर्ण होती आणि २९ ऑक्टोबरला दहा झाली. मधल्या १४ दिवसांची कमाई २३१, म्हणून एका पानाला सुमारे ४६ अंश-दिवस लागले. गेल्या वर्षी याच वाणाने याच शेतात एकूण १६ पाने काढली असतील तर अजून सहा पाने, म्हणजे सुमारे २७७ अंश-दिवस, उरले. ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन दिवसांत ३३ मिळतात. उरलेले २४४ रोज १३.७५ प्रमाणे १८ दिवसांत, म्हणजे १८ नोव्हेंबरच्या सुमारास, भरतील. शेवटचे पान, ज्याला झेंडापान म्हणतात, पूर्ण झाले की पीक पोटरीत आले. वरच्या पाऊण भागाच्या प्रमाणानेही, १,००८ चा पाऊण भाग ७५६ धरून, हीच तारीख निघते. आकडे सोयीचे घेतल्यामुळे येथे दोन्ही वाटा एका ठिकाणी आल्या. शेतात चार-पाच दिवसांचे अंतर पडते. अंतर आठवड्यापेक्षा वाढले तर तापमापकाची जागा आणि पानांची मोजणी दोन्ही पुन्हा तपासावीत, आणि तरीही फरक राहिला तर पानांचे ऐकावे.

एकूण पानांची संख्या वर्षानुसार एक-दोनने कमीजास्त होते, आणि ती गर्भावस्थेपर्यंत पक्की ठरलेली नसते. उगवणीनंतर साधारण महिनाभर वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या गुंडाळीत दडलेला असतो आणि नवी पाने तयार करीत राहतो. मग तो पाने थांबवून कणीस घडवू लागतो. हाच तो गर्भावस्थेचा क्षण, आणि कणसाला किती दाणे धरतील हे येथून पुढच्या दिवसांत ठरते. तो बाहेरून दिसत नाही. ते पाहायचे असेल तर सात ते दहा पाने पूर्ण झालेली दोन-तीन ताटे मुळासकट उपटून खोड धारदार पात्याने उभे चिरावे आणि तळाशी पाहावे. कोंब बुटका, घुमटासारखा असेल तर अजून वेळ आहे. तो लांबट होऊन वर उचलला गेला असेल तर कणसाची सुरुवात झालेली आहे. साध्या भिंगाने हे स्पष्ट दिसते. दोन-तीन ताटांचा हा खर्च वाया जात नाही, कारण या दिवशीची बेरीज वहीत नोंदवली की पुढच्या पोटरीचा आणि फुलोऱ्याचा अंदाज नव्याने, अधिक जवळून, मांडता येतो.

अवस्थांची नावे सर्वांनी एका अर्थाने वापरली नाहीत तर नोंदींची तुलना होत नाही. अमेरिकेत व्हँडरलिप आणि रीव्ह्ज यांनी १९७२ साली ज्वारीच्या वाढीचे उगवणीपासून पक्वतेपर्यंत शून्य ते नऊ असे टप्पे केले, आणि ते आजही जगभर वापरले जातात. तीन पाने, पाच पाने, कोंबाचे रूपांतर, झेंडापान दिसणे, पोटरी, निम्मा फुलोरा, मऊ दाणा, कडक दाणा आणि पक्वता हा त्यांचा क्रम आपल्या शब्दांशी सहज जुळतो. आपल्या भाषेत तर मऊ दाण्याच्या जवळच्या अवस्थेला हुरडा हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो चवीनेच शिकवला जातो. दुधाळ दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक येतो. चीक घट्ट होऊन दाणा दाबता येतो पण फुटून वाहत नाही, तेव्हा हुरड्याचे दिवस असतात. त्या वेळी दाण्याचे निम्म्याच्या आसपास वजन भरलेले असते. ज्यांना रस्त्याकडेला हुरड्याची विक्री करायची आहे त्यांच्यासाठी हीच तारीख सर्वांत मोलाची, कारण ही अवस्था एका ताटावर आठवडाभरच टिकते. फुलोऱ्याची खरी तारीख नोंदवून तिच्यापुढे हिशोब मांडल्यास ती बरीच नेमकी काढता येते.

कोणतीही अवस्था शेतात आली असे कधी म्हणावे? खुणेच्या ताटांपैकी निम्म्या ताटांत ती दिसली म्हणजे. फुलोऱ्याच्या बाबतीत आणखी एक अट आहे. ज्वारीचे कणीस शेंड्याकडून खाली फुलत येते आणि त्याला चार ते नऊ दिवस लागतात, म्हणून निम्म्या ताटांची कणसे निम्म्यापर्यंत फुलली ती तारीख फुलोऱ्याची मानावी.

पुढच्या दिवसांचे तापमान अंदाजात कसे धरावे, हा प्रश्न उरतो. पाच-सहा दिवसांसाठी हवामान खात्याचा अंदाज घ्यावा. त्यापुढे आपल्या वहीतील गेल्या दोन-तीन वर्षांची त्या महिन्याची सरासरी घ्यावी. चालू आठवड्याचे तापमान पुढे ओढू नये. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे आभाळ येते, रात्रीचा पारा चढा राहतो आणि रोजची कमाई वाढते. आभाळ निवळले की चार दिवसांत पहाटे शेकोट्या पेटतात. दर रविवारी प्रत्यक्ष झालेली बेरीज लिहून पुढची तारीख नव्याने काढावी, म्हणजे अंदाज अवस्था जवळ येईल तसा आपोआप सुधारत जातो.

गव्हालाही ही रीत लागू पडते. फक्त त्याचे पायाभूत तापमान शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान, पुस्तकागणिक वेगळे धरले जाते. जे धराल ते सर्व वर्षे तेच ठेवा. त्याच्या अवस्थांसाठी नेदरलँड्सच्या झाडोक्स यांची १९७४ सालची दोन अंकी पद्धत रूढ आहे. सोलापूरची थंडी सौम्य आणि थोड्या दिवसांची असल्यामुळे गव्हाच्या अवस्था येथे भराभर उरकतात, आणि मुकुटमुळे फुटण्याचे, १८ ते २१ दिवसांचे, पाणी चुकले तर ते पुढे भरून काढता येत नाही. मक्याला ज्वारीप्रमाणेच १० अंश धरावेत.

ही रीत कोठे चुकते तेही सांगितले पाहिजे. उबेचा हिशोब जमिनीत ओल आहे असे गृहीत धरतो. फुलोऱ्यापूर्वी पिकाला कडक ताण बसला तर पाने फुटण्याचा वेग मंदावतो, कणीस पोटरीत अडकून राहते आणि फुलोरा हिशोबापेक्षा उशिरा येतो. फुलोऱ्यानंतर ताण बसला तर उलट घडते. पीक लवकर पिकते, दाणा बारीक राहतो आणि खोड पोकळ पडून खडखड्या रोगाने ताटे आडवी होतात. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात ओल शेवटपर्यंत पुरते, म्हणून तेथे दीडपटीचे प्रमाण बरेचसे खरे ठरते. मुरमाड, उथळ जमिनीत ओल आधीच संपते आणि पीक दीडपटीआधीच पिकते. एकाच गटात भारी आणि हलकी अशी दोन्ही राने असतील तर प्रत्येक रानासाठी वहीचे वेगळे पान ठेवावे, आणि जमिनीला भेगा पडू लागल्या ती तारीखही त्यावर लिहावी. पुढच्या वर्षी अंदाज का हुकला याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच तारखेत सापडते.

शेवटची नोंद पक्वतेची. बेरीज दीडपटीच्या जवळ आली की दर दोन दिवसांनी खुणेच्या ताटांच्या कणसांतून दाणे काढून त्यांचा तळ पाहावा. दाणा पक्व झाला की तळाशी काळा ठिपका दिसतो, आणि त्यानंतर दाण्याचे वजन वाढत नाही. कणीस वरून खाली फुललेले असल्यामुळे ठिपकाही वरून खाली येतो, म्हणून तपासणी कणसाच्या सर्वांत खालच्या दाण्यांची करावी. त्या दिवशी दाण्यात ओलावा अजून बराच असतो, तेव्हा ताटे काढून ठेवायची की रानातच उभी वाळू द्यायची हे पाखरांचा उपद्रव, मजुरांची सोय आणि कडबा किती हिरवा हवा आहे, हे पाहून ठरवावे. वहीत मात्र ठिपक्याची तारीख लिहावी, काढणीची नव्हे.